शेवटचा हात

“लाज असेल तर आत्ताच नाव मागे घे,” फडतरे सर म्हणाले. “स्टेजवर जायच्या आधी.”

मी उपमा खात होते. कराडच्या एका मंगल कार्यालयाचं जेवणघर, लांबलचक टेबल, समोर मैत्रीण बेनझीर. सरांनी खुर्ची ओढली नाही की कशी आहेस म्हणून विचारलं नाही. सहा महिने ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते आणि बोलले ते हे.

“कशाची लाज?” मी विचारलं.

“न केलेल्या कामाचा मान घ्यायची.”

“काम मी केलंय सर. तुम्हीच सांगितलेलं.”

“ते काम नव्हतं, झाडलोट होती!”

“मग झाडलोट म्हणून सांगायची. ‘हेमांगी, फार जबाबदारीचं काम आहे, तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही’ असं कोण म्हणालं होतं?”

शेजारच्या टेबलावरची मंडळी एकदम आपापल्या चहात बुडाली. बेनझीरने चमचा खाली ठेवला आणि गोड आवाजात म्हणाली, “सर, उपमा घ्या की. गार व्हायलाय.”

“आयत्या बिळावर नागोबा,” सर माझ्याकडे बघून म्हणाले आणि तरातरा निघून गेले.

“नागीण म्हणायचं होतं त्यांना,” बेनझीर म्हणाली. “घाईत चुकले.”

मला हसू आलं नाही.  पण नाव मागे घ्यायचं नाही, हे मी गडहिंग्लजहून निघतानाच ठरवून आले होते.

‘दवंडी’ हे सॉफ्टवेअर म्हणजे फडतरे सरांचं अपत्य. ग्रामपंचायतीला गावभर निरोप द्यायचा असो, आज नळाला पाणी नाही, उद्या लसीकरण आहे, किंवा शाळेला पालकांना काही कळवायचं असो, एकदा लिहिलं की सगळ्यांच्या फोनवर. फुकट. आणि आतलं सगळं, कोडची प्रत्येक ओळ, उघडं. कुणीही बघावं, कुणीही सुधारावं. सरांनी हे कराडला एका भाड्याच्या खोलीत लिहायला घेतलं, त्यापायी चांगली नोकरी सोडली. मी जोडले गेले तोवर ते केनियापासून पेरूपर्यंत पोचलं होतं आणि शेकडो माणसं त्यावर राबत होती. पगार कुणालाच नव्हता. आणि जिथे पगार नसतो तिथे माणसं मानासाठी किती हिरीरीने भांडतात, हे ज्याने सार्वजनिक गणपतीचं मंडळ आतून पाहिलंय त्याला मी वेगळं सांगायला नको.

आधी मान सर स्वतःच वाटायचे. मग वशिल्याची कुजबुज सुरू झाली. त्यावर तोड म्हणून पुण्याच्या कौस्तुभ नाडगौडाने मानाची पाटी बनवली, संगणकाने आपोआप भरणारी नावांची यादी. कौस्तुभ हुशार, नम्र आणि कुणालाही न दुखावता सगळ्यांना कोपऱ्यात ढकलणारा. त्याच्या पाटीचा नियम साधा होता. दवंडीच्या प्रत्येक ओळीमागे नोंद असते, की तिला शेवटचा हात कुणी लावला. ज्याचा शेवटचा हात, ओळ त्याची. वर्षाअखेर ज्याच्या नावावर सगळ्यात जास्त ओळी, त्याला वार्षिक मेळाव्यात मानाचं उपरणं आणि मुख्य मंडळावर तीन वर्षांची जागा. मंडळ पाच जणांचं. दवंडीत काय व्हायचं आणि काय नाही, ते तेच ठरवणार. “यंत्राला नातीगोती नसतात,” कौस्तुभने जगभरच्या लोकांना पत्रातून कळवलं. “पाटीला माणसाचा हात लागणार नाही.”

यंत्राला नातीगोती नव्हती हे खरं. त्याला बाकीही बरंच काही नव्हतं.

मी तेव्हा पॉलिटेक्निकात शिकवत होते. संध्याकाळी घरी आले की दवंडीचा मदतगट उघडायचा. कुणाचा निरोप दोनदा जातोय, कुणाचा जातच नाही, कुणा ग्रामसेवकाने चुकून सगळी नावं पुसलीत. त्यांना शांत करायचं, नेमकं काय घडलं ते खोदून काढायचं, मग ते लिहिणाऱ्या मंडळींना कळेल अशा भाषेत मांडायचं. नवी मुलं यायची, त्यांचा पहिला बदल धडधडत्या छातीने पाठवायची. वरचे त्यांना एका वाक्यात झाडायचे आणि मी त्यांना परत उभं करायची. बेनझीर मुजावर मिरजेत बसून प्रत्येक नवी आवृत्ती लोकांकडे जायच्या आधी मोडून बघायची. घरातल्या, शेजारच्या, मेहुण्याच्या दुकानातल्या जुन्या फोनांवर. तिने “हे चालत नाही” म्हटलं म्हणून जी आफत टळली, तिची ओळ कुठेच लिहिली जात नाही. टळलेल्या गोष्टीला ओळ नसते.

सात वर्षं आम्ही हे करत होतो, आणि पाटीवर आमचं नाव शोधायला भिंग लागायचं.

दोन मेळाव्यांत मी ठराव मांडला, की हेही मोजा. दोन्ही वेळा फडतरे सर उठले. “मदत करणं हा स्वभाव असतो,” ते म्हणाले. “त्याचं कौतुक आहे. पण काम म्हणजे ओळ. ओळ दाखव, मान घे.” टाळ्या पडल्या. ज्यांना मी वर्षभर हाताला धरून चालवलं होतं त्यांतलेही काही टाळ्या वाजवत होते. मला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो पुढच्या मेळाव्यापर्यंत जपून ठेवायची मला सवय लागली.

मग आली ती साफसफाई. पंधरा वर्षांत दवंडी इतक्या हातांनी लिहिली होती, की कुणी ओळीआधी चार मोकळ्या जागा सोडायचा, कुणी आठ, कुणी मनाला येईल तशा. वाचणाऱ्याचे डोळे फुटायचे. सगळं एकसारखं करायचं ठरलं. करणार कोण? यंत्राने ओळी सरकवता येतात, पण नंतर एकेक भाग तपासत बसावं लागतं, काही मोडलं तर नाही ना म्हणून. हे गाढवकाम कुणालाच नको होतं. “हेमांगी करेल,” सर बैठकीत म्हणाले. “असली कामं तिला जमतात.”

मी दिवाळीची सुट्टी त्यात घातली. भावाकडे भाऊबीजेलाही गेले नाही. बेनझीरने सगळं मोडून पाहिलं, मोडलं नाही. ते दवंडीत सामील झालं, सगळ्यांनी शाबासकीचे अंगठे पाठवले, आणि पाटीची आठवण एकालाही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पाटीवर पहिलं नाव हेमांगी तोडकर. जवळजवळ प्रत्येक ओळीला शेवटचा हात माझाच ना! फडतरे सर नवव्या जागेवर. घराला चुना लावला आणि घर गवंड्याच्या नावावरून रंगाऱ्याच्या नावावर झालं, असा तो प्रकार.

अशी साफसफाई मोजू नकोस, असं पाटीला आधी बजावून ठेवायची सोय होती. सरांना वाटलं कौस्तुभने बजावलं असेल, कौस्तुभला वाटलं सरांनी. आता निकाल दिसल्यावर बजावायचं म्हणजे पाटीला हात लावायचा, आणि तो लावणार नाही असं जगाला सांगून बसलेले. त्यामुळे सहा महिने सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले, की ही शहाण्यासारखी आपणहून नको म्हणेल. खासगीत निरोप येत होते. मोठेपणा दाखव. तुझी उंची वाढेल. एकाने तर लिहिलं, की संस्कार असतील तर कळेल.

त्या ओळी माझ्या नव्हत्या, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण मला ती मंडळावरची जागा हवी होती. पाचांत एकदा बसले की आमचं काम मोजलं जाईल अशी तजवीज मी करणार होते, आणि दुसऱ्या कुठल्या वाटेने तिथे मला कुणी बसू देणार नव्हतं.

“घे तू,” बेनझीर म्हणाली होती. “ज्याच्यासाठी द्यायला पायजे त्याच्यासाठी हे जन्मात देणार नाहीत. चुकून देतायत तर चुकून घे. तिथं जाऊन बरोबर वाग म्हणजे झालं.”

त्या आठवड्यात लग्नाचे मुहूर्त नव्हते म्हणून कार्यालय स्वस्तात मिळालं होतं. स्टेजवर वधू-वरांच्या लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या. एका बाजूला मोठा पडदा, त्यावर परदेशातली मंडळी चौकोनाचौकोनांत बसलेली. सभागृह भरलेलं. कौस्तुभने माईक हातात घेतला, दवंडीच्या वर्षाचा आढावा घेतला, आणि मग जरा घसा साफ करून म्हणाला, “पाटीनुसार यंदाचा मान हेमांगी तोडकर यांना.”

टाळ्या बेनझीरने वाजवल्या. आणखी चार-दोन जणांनी. मी पायऱ्या चढले. ताटात उपरणं घडी करून ठेवलेलं होतं. कौस्तुभने ते उचललं, तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला.

“हरकत आहे.”

फडतरे सर उभे होते. 

“त्या ओळी माझ्या आहेत,” ते म्हणाले. “त्यांतल्या निम्म्या मी एकट्याने लिहिल्यात. हिने फक्त मोकळ्या जागा सरकवल्या. हे काम नव्हे.”

“पण शेवटचा हात माझा आहे,” मी म्हटलं.

“शेवटचा हात म्हणजे काम नव्हे!”

“पाटीचा नियम तोच आहे सर. गेली तीन वर्षं तुम्ही त्याच नियमाने वर आलात.”

“मी लिहून वर आलो!”

“हो. आणि आम्ही म्हणत होतो की पाटीला सगळं दिसत नाही. तेव्हा तुम्ही म्हणालात, यंत्र चुकत नाही. आज चुकलं?”

सभागृहात कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं. सरांचा चेहरा लालबुंद झाला.

“तुला खरंच वाटतं का,” ते सावकाश म्हणाले, “तू दवंडी लिहिलीस?”

“नाही वाटत. पण हा मान दवंडी लिहिल्याचा नाहीच. शेवटच्या हाताचा आहे. तसं तुम्ही सगळ्यांनी हात वर करून ठरवलंय. मग द्या.”

मी उपरण्यासाठी हात पुढे केला. कौस्तुभने ते दिलं नाही, ठेवलंही नाही.  मग माईक तोंडाशी नेऊन त्याच्या त्या मऊ आवाजात म्हणाला, “मला वाटतं, पाटीमध्ये मूलभूत त्रुटी आहे हे आज आपल्या सगळ्यांच्या लक्षात आलंय. मी पाटी रद्द करण्याचा ठराव मांडतो. इथून पुढे मानकरी मुख्य मंडळ आपल्या विवेकाने निवडेल.”

“अनुमोदन,” कुणीतरी म्हणालं.

हात वर झाले. सभागृहात झाले, पडद्यावरच्या चौकोनांतही झाले. मी स्टेजवर त्या दोन मखमली खुर्च्यांच्या मध्ये उभी, माझा हात अजून पुढे. आमच्यासाठी दोन मेळावे भांडून जी पाटी तसूभर हलली नव्हती, ती त्यांना बोचल्याबरोबर अकराचा चहा यायच्या आत उतरली. तिथल्या तिथे मंडळाने विवेक वापरला आणि यंदाचा मान दिगंबर फडतरे यांना जाहीर झाला. सभागृह उठून उभं राहिलं. त्या टाळ्यांत मी पायऱ्या उतरले.

“आपटलो,” बेनझीर म्हणाली.

“आपटलो नाही,” मी म्हटलं. “आपटवलं.”

जेवणानंतर हात धुवायच्या नळांपाशी सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. खांद्यावर उपरणं होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यांनी बराच वेळ हात धुतले.

“राग धरू नकोस,” ते म्हणाले.

“का धरू नको?”

“माझ्याकडं दुसरं काय आहे? नोकरी नाही, घरात कोण नाही. गावात विचारतात, काय करतोस, तर मी पाटीचं पान उघडून दाखवतो. पहिलं नाव माझं. सहा महिने ते दाखवता आलं नाही मला.”

“माझं तर कधीच दाखवता आलं नाही सर. नाव खालीच असतं. तुम्हाला माझं काम दिसलंच नाही कधी.”

ते माझ्याकडे बघायला लागले, जरा आश्चर्याने, मी काहीतरी भाबडं बोलल्यासारखे.

“दिसत नाही असं कोण म्हणालं?” ते म्हणाले. “मदतगट बंद पडला तर दवंडी महिनाभर टिकायची नाही. तुझ्या हाताखालची पोरं आज माझ्या बरोबरीनं लिहितात. त्या मिरजेच्या पोरीनं दोनदा माझी अब्रू वाचवलीय. सगळं माहीत आहे मला. कौस्तुभला पण माहीत आहे. मंडळात सगळ्यांना माहीत आहे.”

 सात वर्षं मी दाखवत होते. ठराव लिहीत होते, उदाहरणं देत होते, अमक्या दिवशी अमकं कसं वाचलं ते समजावून सांगत होते. मला वाटायचं, आपणच नीट मांडत नाही. अजून थोडं स्पष्ट मांडलं की त्यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. आणि तो त्यांच्या डोक्यात पहिल्यापासून होता.

“मग म्हणालात का नाही?” मी विचारलं.

“म्हटलं असतं तर मोजावं लागलं असतं,” सर म्हणाले. “आणि ते सगळं मोजलं तर मी कितवा?”

त्यांनी उपरण्याला हात पुसले आणि आत गेले. मी नळ सोडून तोंडावर पाणी मारलं.  न कळणाऱ्याला समजावता येतं. कळून गप्प बसणाऱ्याचं काय करायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

दुपारच्या सत्राची सुरुवात सूचनांनी झाली. कौस्तुभ माईकवर होता. त्याने एकेक विषय उरकला, आणि मग नजर फिरवत मला शोधून काढलं.

“हेमांगी, एक विनंती. पाटी का काढली आणि नवी पद्धत काय आहे, हे बाहेरच्या लोकांना नीट समजावून सांगावं लागेल. खूप जण विचारतील, काही चिडतील. तेवढं एक पान लिहून काढशील? आणि मदतगटात उत्तरंही देशील ना? तुझ्याइतकं चांगलं कुणाला जमणार नाही.”

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. काही माना कौतुकाने हलल्याही. बेनझीरने माझा दंड धरला.

“गप बस,” ती कुजबुजली. “नाही तर माझ्यावर सोड, मी बोलते.”

मी उठले. माईक मागितला नाही.

“लिहीन,” मी म्हटलं. “आधी एक विचारायचंय. फडतरे सरांना.”

सर पहिल्या रांगेत मागे वळले.

“आता पाटी गेली, विवेक आला. तर तुमच्या विवेकाने सांगा सर. हे पान लिहिणं, त्या चिडलेल्या लोकांना उत्तरं देणं, हे काम आहे का?”

“म्हणजे?” कौस्तुभ म्हणाला.

“तू थांब. सर, तुम्ही सांगा. जे मघाशी नळापाशी सांगितलंत तेच सांगा. मला दुसरं काही नको. जागा नको, उपरणं नको. काम आहे म्हणा, मी लिहायला घेते.”

पंखे फिरत होते. पडद्यावरच्या मंडळींना काय चाललंय ते कळत नव्हतं, कुणीतरी त्यांना इंग्रजीत सांगू लागलं. सर माझ्याकडे बघत होते. त्यांचे ओठ एकदा हलले, आणि खरं सांगते, त्या क्षणाला मी त्यांना सगळं माफ करायला तयार होते. ‘हो’ एवढंच म्हणायचं होतं.

त्यांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

“नाही,” ते म्हणाले. “ही मदत आहे. काम नव्हे.”

“बरं,” मी म्हटलं, आणि पिशवी उचलली. बेनझीर माझ्याआधी दारात पोचली होती.

एस. टी. स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागेपर्यंत ती सरांना तोंडाला येईल ते बोलत होती. मी ऐकत होते. त्या संध्याकाळी मी मदतगट उघडला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पंधरवड्याने निरोप यायला लागले. लोक खोळंबलेत, नवी मुलं पळून चाललीत, एवढा कसला अहंकार. शेवटी सरांचाही आला: “तू सोडून गेलीस हे बरं केलं नाहीस.”

त्याला मी उत्तर दिलं. त्या गटातलं माझं ते शेवटचं. लिहिलं, “मी काम सोडलेलं नाही सर. हे काम आहे का विचारलं, तुम्ही नाही म्हणालात.”